इसब ओळखा, घाबरू नका
(साक्षरता वर्गातील भाषण)



वर्गात आपण अक्षरे शिकतो. 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात. 'भ' आणि 'म' यांतही पुष्कळांची गल्लत होते. पण नीट पाहिले की फरक कळतो. एकदा कळला की मग कोणी फसवू शकत नाही. कातडीचेही असेच आहे, बरं का! अंगावर चट्टा उठतो, खाज सुटते. कोणी म्हणते गजकर्ण, कोणी म्हणते खरूज, कोणी हळूच म्हणते महारोग. घरात भीती शिरते. पोराला वेगळ्या ताटात जेवू घालतात. मुलीचे लग्न अडते. मजुरीचा पैसा मलमांच्या ट्यूबांवर जातो. आणि कित्येकदा तो असतो साधा इसब.

म्हणून आज आम्ही तुम्हांला इसबाची अक्षरओळख करून देणार आहोत. इसब किती प्रकारचा असतो, कोणता कसा दिसतो, त्याच्यासारखे दुसरे कोणते रोग दिसतात, आणि आपण काय करावे, हे सारे सांगू.

कातडी म्हणजे घराची भिंत

आपल्या सातपुड्यातली घरे पाहा. अक्राणी, अक्कलकुवा भागात कुडाची भिंत असते. बांबू-काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणामातीचे लिंपण. लिंपण चांगले असले तर वारा आत येत नाही, किडा-मुंगी शिरत नाही, घराची ऊबही बाहेर जात नाही. लिंपण सुटले की फटी पडतात. मग थंडी शिरते, किडे शिरतात, घर उघडे पडते.

कातडी ही आपल्या देहाची भिंत आहे. तिच्या वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात. त्यांच्यामध्ये एक स्निग्ध पदार्थ असतो. तेच कातडीचे लिंपण. त्यामुळे अंगातला ओलावा टिकतो आणि बाहेरची घाण आत जात नाही. काही माणसांच्या कातडीचे लिंपण जन्मापासूनच कच्चे असते. काहींचे कामामुळे सुटते. साबण, चुना, सिमेंट, मिरची, औषधफवारणी, सतत ओले हात, अशा गोष्टींनी ते झिजते. लिंपण सुटले की कातडी कोरडी होते. नको त्या वस्तू आत शिरतात. मग शरीर त्यांच्याशी झगडते. त्या झगड्यात कातडी सुजते, लाल होते, खाजते. हाच इसब.

डॉक्टर लोक इसबाला 'एक्झिमा' म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतला आहे. त्याचा अर्थ 'उकळून वर येणे'. दूध उतू जाते तसे कातडीवर बारीक फोड वर येतात, म्हणून हे नाव पडले.

एक गोष्ट आधीच पक्की करा. इसब एकापासून दुसऱ्याला लागत नाही. इसब झालेल्याला शिवले, त्याच्याबरोबर एका ताटात जेवले, एका खाटेवर झोपले, तरी इसब होत नाही. आईच्या हाताला इसब असला तरी बाळाला जवळ घ्यायला हरकत नाही.

ओला इसब आणि सुका इसब

इसबाच्या दोन अवस्था असतात. नवा इसब बहुधा ओला असतो. जागा सुजते, गरम लागते. मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक फोड येतात. ते फुटून पाणी झिरपते, मग पिवळी खपली धरते.

जुना इसब सुका असतो. कातडी जाड होते, काळवंडते, तिच्यावर रेषा पडतात, भेगा पडतात. खाज मात्र जात नाही.

पुस्तकात लिहितात, 'कातडी लाल होते.' ते गोऱ्या कातडीला लागू. आपल्या सावळ्या कातडीवर लाली स्पष्ट दिसत नाही. जागा जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका. हात लावून पाहा. जागा खरखरीत लागते का? गरम लागते का? माणूस खाजवतो का? खाज ही इसबाची पहिली खूण. खाज मुळीच नसेल तर दुसऱ्या रोगाचा विचार करावा.

इसबाचे प्रकार

पहिला प्रकार लहान मुलांचा. बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की गालांवर, कपाळावर, डोक्यावर खरखरीत चट्टे येतात. बाळ रडते, झोपत नाही, गाल उशीवर घासते. रांगू लागले की गुडघ्यांवर, कोपरांवर चट्टे येतात. पोर मोठे झाले की कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्याच्या मागे, मानेला, मनगटाला इसब होतो. अशा घरात पुष्कळदा कोणाला तरी दमा असतो, नाहीतर सारख्या शिंका येत असतात. हा घराण्यातून आलेला कच्च्या लिंपणाचा इसब. त्यात आईचा दोष नाही, तिच्या दुधाचाही दोष नाही. पुष्कळ मुलांचा इसब वय वाढेल तसा कमी होतो.

दुसरा प्रकार शिवण्याचा. एखादी वस्तू कातडीला लागली की हा इसब होतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कष्टकरी माणूस जास्त, म्हणून हा प्रकार महत्त्वाचा. याविषयी पुढे सविस्तर सांगू.

तिसरा प्रकार कोंड्याचा. डोक्यात, भुवयांत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, कानामागे, छातीवर तेलकट पिवळसर पापुद्रे सुटतात. तान्ह्या बाळाच्या टाळूवर जाड पिवळी खपली धरते, तीही याच जातीची. ती नखाने उकरू नका. खोबरेल तेल लावून मऊ होऊ द्या आणि हलक्या हाताने धुवा.

चौथा प्रकार नाण्यासारखा. हातापायांवर रुपयाएवढे गोल चट्टे येतात. त्यांतून पाणी येते, खपली धरते. हा गोल असतो म्हणून लोक त्याला गजकर्ण समजतात. फरक पुढे सांगतो.

पाचवा प्रकार तळहाताचा आणि तळपायाचा. बोटांच्या कडांना कातडीखाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक फोड येतात. खाज अशी की रात्री झोप लागत नाही. उन्हाळ्यात आणि घामात हा बळावतो. दोन-तीन आठवड्यांत फोड सुकतात, कातडी सोलते. काहींना तो पुन्हा पुन्हा येतो.

सहावा प्रकार पायाच्या शिरांचा. जो दिवसभर उभा राहतो, ज्याच्या पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत, त्याच्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, कातडी तपकिरी होते. पाय सुजतो, खाज येते. खाजवले की जखम होते आणि ती लवकर भरत नाही. अशा माणसाने बसताना-झोपताना पाय उंच ठेवावा आणि डॉक्टरला दाखवावे. एक सूचना. आपल्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलमध्येही कधी घोट्याजवळ जखम होते. म्हणून घोट्याची जखम भरत नसेल तर रक्ताची तपासणी करून घ्यावी.

सातवा प्रकार म्हातारपणाचा आणि थंडीचा. तोरणमाळ, डाब या बाजूला हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर कातडी सुकते. आटलेल्या तळ्याचा तळ जसा तडकतो तशी ती तडकते. शेकोटीपुढे पाय धरून बसले आणि कढत पाण्याने अंघोळ केली की ती अधिकच तडकते.

आठवा प्रकार खाजवून झालेला. मानेवर, घोट्यावर, हातावर एके ठिकाणी खाज येते. माणूस खाजवतो. खाजवल्याने कातडी जाड होते. जाड कातडी अधिक खाजते. माणूस आणखी खाजवतो. घाण्याच्या बैलासारखे हे चक्र फिरतच राहते. चिंता वाढली की खाजही वाढते.

आपले काम आणि आपली कातडी

आता शिवण्याच्या इसबाकडे वळू. त्याच्या दोन जाती आहेत.

एक जात झोंबणाऱ्या वस्तूंची. ही वस्तू पुरेशी लागली तर कोणाच्याही कातडीला त्रास होतो. नंदुरबारच्या मिरचीचे उदाहरण घ्या. आपली मिरची दूरवर जाते. हंगामात पथारीवर लाल मिरची वाळत पडलेली असते. बायाबापड्या दिवसभर मिरची निवडतात, देठ खुडतात. संध्याकाळी हातांची आग आग होते. पाण्यात हात बुडवला तरी आग थांबत नाही. का बरे? मिरचीचा तिखट अंश पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी हाताला खायचे तेल चोळा, फडक्याने पुसून काढा, मग साबणाने धुवा. त्या हाताने डोळे चोळू नका. लेकराला घेण्याआधी हात नीट धुवा.

शहाद्याकडे पपईच्या बागा आहेत. कच्च्या पपईचा चीक कातडीला खातो. पपई तोडताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. चीक लागला तर लगेच धुवा. दिवाळीनंतर आपले कितीतरी लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात. उसाच्या पाचटाची कूस हातांना, मानेला ओरखडते. ओरखडलेल्या कातडीत घाम आणि धूळ मुरते. गवंडीकामात सिमेंट हात खाते. भांडी-धुण्याच्या कामात सोडा आणि साबणाची पावडर हात खाते. या सर्वांत कातडीचे लिंपण रोज थोडे थोडे झिजते.

दुसरी जात वावड्याची. इथे ती वस्तू सगळ्यांना त्रास देत नाही. एखाद्यालाच तिचे वावडे असते. पण एकदा वावडे जडले की थोडी शिवली तरी इसब उठतो. आणि तो लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतो. म्हणून कशाने झाले ते माणसाच्या ध्यानात येत नाही.

अशा वस्तू ओळखायची युक्ती सांगतो. इसब कुठे उठला ते पाहा. कानाच्या पाळीला, गळ्याला, मनगटाला असेल तर नकली दागिना पाहा. त्यात निकेल नावाचा धातू असतो. कपाळाच्या मध्यावर असेल तर टिकलीचा डिंक पाहा. काहींना तिथे खाज येते, तर काहींना पांढरा डाग पडतो. पावलाच्या वर पट्ट्याच्या आकाराचा असेल तर चप्पल पाहा. केस काळे केल्यावर कपाळ, कान, पापण्या सुजल्या तर तो रंग पाहा. गवंड्याचे हात भेगाळले तर सिमेंट पाहा. सिमेंटात क्रोमियमचा अंश असतो, त्याचेही काहींना वावडे असते.

आता गाजरगवताची गोष्ट ऐका. काही लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. पांढऱ्या बारीक फुलांचे हे तण आज रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या आवारात सगळीकडे आहे. ते आपल्या देशातले नाही. मूळ अमेरिका खंडातले. १९५०च्या दशकात ते आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला, प्रथम लोकांच्या नजरेत भरले. पाहता पाहता ते देशभर पसरले. पुढे पुण्याकडच्या डॉक्टरांना एक नवाच इसब दिसू लागला. शेतकऱ्यांचे तोंड, पापण्या, मान, कोपराच्या घड्या सुजत, खाजत आणि काळ्या जाड होत. १९७०च्या दशकात डॉक्टरांनी याविषयी लिहून ठेवले. कारण निघाले हे गवत. त्याचा वाळलेला बारीक चुरा वाऱ्याने उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. म्हणजे हात न लावताही त्रास होतो. पुढे १९८४च्या सुमारास हे गवत खाणारा मेक्सिको देशातला एक भुंगा आपल्या देशात सोडण्यात आला. त्याने काही ठिकाणी गवत कमी केले, पण संपवले नाही.

म्हणून गाजरगवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटा. हातमोजे घाला. ते नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. तोंडाला फडके बांधा. ज्याला आधीच वावडे आहे त्याने ते काम करू नये, दुसऱ्याने करावे.

बिब्बा तुम्हांला ठाऊकच आहे. पायाला काटा मोडला, सांधा दुखला, की बिब्बा लावतात. बिब्ब्याचे तेल फार तीव्र असते. त्याने फोड येतात, कातडी भाजल्यासारखी होते. इसबावर बिब्बा लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे. जंगलातली खाजकुइली मात्र वेगळी. तिची कुसळे लागली की अंग खाजून जीव नकोसा होतो. पण ती खाज काही तासांत जाते. तो इसब नव्हे.

घ आणि ध : सारखे दिसणारे रोग

खरूज. ही एका बारीक किड्यामुळे होते. तो डोळ्यांनी दिसत नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, जांघेत पुरळ येते. रात्री खाज फार वाढते. घरात एकाला झाली की चौघांना होते. ही मोठी खूण. आश्रमशाळेत मुले जवळजवळ झोपतात, तिथे ती लवकर पसरते. खरूज लागते, इसब लागत नाही. खरजेवर पर्मेथ्रिन नावाचे मलम मिळते. ते मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावायचे, सकाळी धुवायचे, आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे. एकाने लावले आणि बाकीच्यांनी नाही लावले, तर खरूज फिरून येते. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरला विचारूनच लावावे.

गजकर्ण किंवा नायटा. हा बुरशीमुळे होतो. जांघेत, कमरेला, पाठीवर, पोटावर गोल चट्टा येतो. त्याची कड उचललेली आणि खवलेदार असते, मध्यभाग निवळलेला असतो. पाण्यात खडा टाकला की वर्तुळ मोठे होत जाते, तसा हा पसरतो. नाण्यासारखा इसब मध्यापासून कडेपर्यंत सारखाच खरखरीत असतो. गजकर्ण लागतो. म्हणून एकमेकांचा टॉवेल, कपडे वापरू नका.

कुष्ठरोग. कातडीवर फिकट किंवा लालसर डाग येतो. तो बहुधा खाजत नाही. तिथे बधिरपणा असतो. गरम-गार कळत नाही, टोचलेले कळत नाही. इसब खाजतो, कुष्ठाचा डाग बधिर असतो. हा फरक पाठ करा. आणि कुष्ठरोग असला तरी घाबरू नका. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. वेळेवर घेतले तर रोग बरा होतो, हातपाय वाकडे होत नाहीत. लपवले तरच नुकसान.

कुपोषण. लहान मुलाच्या पायावर सूज आहे, केस विरळ झाले आहेत, आणि कातडी जुन्या रंगाच्या पोपड्यांसारखी सोलते आहे, तर तो इसब समजून मलम लावत बसू नका. ते पोर उपाशी आहे. त्याला अन्नाचे औषध पाहिजे. अंगणवाडीताईला, आशाताईला त्याच दिवशी दाखवा. ती पोषण पुनर्वसन केंद्राचा रस्ता दाखवील.

घरी काय करावे?

भिंतीचे लिंपण सुटले तर आपण काय करतो? पुन्हा लिंपतो. एकदा लिंपून भागत नाही, दरवर्षी लिंपतो. कातडीचेही तसेच. अंघोळ कोमट पाण्याने करा, कढत नको. फार वेळ नको. सौम्य साबण थोडासा लावा. कपड्याच्या साबणाने अंग धुऊ नका. अंग घासून पुसू नका, टिपून घ्या. अंग थोडे ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन लावा. दिवसातून दोन-तीनदा लावा. इसब गेला तरी लावत राहा. हे स्वस्त आहे आणि याच्याशिवाय दुसरे कोणतेही औषध टिकत नाही.

इसब ओला असेल, पाणी झिरपत असेल, तर पाणी उकळून गार करा. स्वच्छ सुती फडके त्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटे ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा करा. ओल्या इसबावर पावडर, राख किंवा हळदीचा जाड लेप थापू नका. खाली पू धरतो.

नखे कापा. मुलांची आठवड्याला कापा. सुती कपडे घाला. कपड्यांतला साबण नीट खळबळून काढा. रात्री मूल झोपेत खाजवत असेल तर हातात सुती मोजे घाला. मुलाच्या अंगाला राईचे तेल लावू नका, ते कच्च्या कातडीला झोंबते.

काय करू नये?

चुना, रॉकेल, लसणाचा रस, बॅटरीचे पाणी, बिब्बा, यांतले काहीही लावू नका. डाग देऊ नका. डागाने इसब जात नाही, वर भाजल्याची जखम मात्र होते. भगताकडे मनाच्या समाधानासाठी गेलात तर आम्ही भांडणार नाही. पण कातडी जाळू देऊ नका.

आता नीट ऐका. आजच्या भाषणातली ही सर्वांत कामाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी दुकानात जाऊन आपण म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या." दुकानदार देतो. लावली की दोन दिवसांत खाज थांबते. वाटते, जादू झाली! त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीन-चार औषधे मिसळलेली असतात आणि त्यांत एक जोरदार स्टिरॉइड असते. स्टिरॉइड वाईट नाही. डॉक्टरच्या सल्ल्याने, योग्य जागी, मोजके दिवस लावले तर इसबावर ते उत्तम औषध आहे. पण गजकर्णावर लावले तर खाज दबते आणि बुरशी आतल्या आत वाढते. गोल चट्टा मोडतो, अंगभर पसरतो, मग डॉक्टरलाही ओळखणे अवघड जाते. तोंडावर महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, उन्हात चेहरा जळतो. पोरी गोरे होण्यासाठी अशी ट्यूब लावतात. त्यांना आवर्जून सांगा.

आता तुम्हांला वाचता येते. मग ट्यूबवरचे नाव वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन. नाव 'सोल' किंवा 'सोन' याने संपले तर बहुधा ते स्टिरॉइड असते. २०१८ साली केंद्र सरकारने नियम केला की अशी स्टिरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत. ट्यूब इंग्रजीत असेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय लावू नका.

तसेच कोणी म्हणाला, "एक सुई घ्या, महिनाभर खाज नाही," तर सावध व्हा. अशा सुयांनी साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि सुईचा जोर ओसरला की इसब दुप्पट उठतो.

डॉक्टरकडे कधी जावे?

पू आला, ताप आला, जागा लाल होऊन पसरू लागली, की लगेच जा. इसबावर एकाएकी पुष्कळ दुखरे फोड उठले आणि ताप चढला, तर त्याच दिवशी जा. सगळे अंग लाल होऊन सोलू लागले तरी जा. खाजेने मूल झोपत नसेल, पंधरा दिवस तेल-व्हॅसलीन लावून उतार नसेल, किंवा आपल्याला रोग ओळखता येत नसेल, तरी जा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०२० सालापासून नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. रिकाम्या असल्या तरी न्या. त्यांवरून डॉक्टरला पुष्कळ कळते.

मंडळी नेहमी विचारतात ते प्रश्न

"वांगे, दही, अंडी बंद करायची का?" उगीच करू नका. एखादी वस्तू खाल्ली की दर खेपेला अंगावर उठते, असे दिसले तर डॉक्टरला सांगा. नुसत्या ऐकीव गोष्टीवरून लेकराचे दूध-अंडे तोडू नका. आपल्याकडे आधीच मुले अशक्त. इसबाने सहसा कोणी मरत नाही, पण अन्न तुटले तर पोर खंगते.

"इसब दाबला तर दमा होतो म्हणतात, ते खरे का?" नाही. इसब आणि दमा ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. एक येतो तिथे दुसरा येऊ शकतो. मलम लावले म्हणून इसब छातीत शिरत नाही.

"इसब कायमचा जातो का?" शिवण्याचा इसब, वस्तू ओळखून ती दूर ठेवली की पुष्कळदा थांबतो. मुलांचा बहुधा वयाने कमी होतो. बाकीचे येतात-जातात. पण त्यांना आवरता येते. मधूनमधून आला म्हणजे औषध फुकट गेले असे समजू नये.

"सून हाताला इसब घेऊन स्वयंपाक करते, चालेल का?" चालेल. तिचा इसब भाकरीतून कोणाला लागत नाही. मात्र हातावर पू असेल तर बरा होईपर्यंत कणीक दुसऱ्याने मळावी. आणि खरे सांगायचे तर अशा सुनेला रोजची भांडी-धुणी थोडी कमी द्या. सतत ओल्या हाताचा इसब नुसत्या औषधाने बरा होत नाही, हातांना विश्रांतीही लागते. घरातल्या पुरुषांनी चार भांडी घासली तर तेही औषधच आहे.

लक्षात ठेवा

१. इसब लागत नाही. माणसाला दूर लोटू नका.
२. इसब खाजतो. कुष्ठाचा डाग बधिर असतो.
३. घरात सगळ्यांना रात्री खाज, तर ती खरूज. सगळ्यांनी एकदम औषध घ्या.
४. गोल चट्टा, कड उचललेली, मध्य निवळलेला, तर तो गजकर्ण.
५. कुठे उठला ते पाहा, म्हणजे कशाने उठला ते कळेल.
६. ओलसर अंगाला तेल किंवा व्हॅसलीन रोज लावा.
७. बिब्बा, चुना, डाग नको.
८. नाव वाचल्याशिवाय ट्यूब लावू नका.

मंडळी, हे पान घरी न्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. शेजारच्या घरी कोणाच्या अंगावर चट्टा असेल, आणि लोक त्याला टाळत असतील, तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसा आणि तिथेही वाचा. औषध डॉक्टर देईल, पण भीती घालवण्याचे काम वाचता येणाऱ्या माणसाचे आहे. आता काही विचारायचे असेल तर विचारा. संकोच करू नका.